एक-दोन हजारांश

जुन्या टॉवेलवर काल ओतलेल्या गोळ्या. दोनशे अकरा.
सात सुरकुतलेल्या निघाल्या, त्या पुन्हा वितळतील.
बाहेर उणे अठरा. ज्यूडिथ नदीकडून येणारा वारा
गॅरेजच्या दाराखालून बोटं आत घालून चाचपतो आहे.

मायक्रोमीटरच्या जबड्यात एकेक धरतो.
तीनशे साठ. तीनशे साठ. एक गलेलठ्ठ, तीनशे एकसष्ट.
माझ्या रायफलीच्या नळीला हवं तीनशे अठ्ठावन्न.
दोन हजारांश इंच. केसाहून कमी.
तेवढं खरवडायला माणसानं काय काय विकत घ्यावं,
याचा हिशेब नाताळापासून चालू आहे.

एक ते लांब दांड्याचं यंत्र:
पोटात मेणाची कांडी, बुडाशी तापणारी पट्टी,
एका ओढीत गोळी मापात येते आणि खाचांत वंगण भरतं.
किंमत वाचली आणि चष्मा पुसून पुन्हा वाचली.
माझ्या दोन महिन्यांच्या प्रोपेनएवढी.

दुसरी, साधी डाय. खालून ढकला, वरच्या डब्यात टप्प.
वंगण तुमचं तुम्ही बघा:
दह्याच्या रिकाम्या डब्यात गोळ्या, वर पातळ मेणाचे थेंब,
खुळखुळा वाजवल्यासारखं हलवा, कागदावर वाळत टाका.
स्वस्त. पण दाराची मूठ, कॉफीचा कप,
कुत्र्याचे कान, सगळं आठवडाभर चिकट.

दुकानातला कोल्बी म्हणतो, हे सोडा आता,
रंगाची पूड लावून ओव्हनमध्ये भाजा, वंगण लागतच नाही.
दाखवल्या त्यानं. लाल, निळ्या, पोपटी.
माझ्या खिशात पेपरमिंटच्याही गोळ्या असतात, बाबा.
या वयात गल्लत नको.

आई केकच्या भांड्यात करायची.
गोळ्या उभ्या मांडून भोवती मेण ओतायची,
थिजलं की एकेक उपटायची, गाजरं उपटावीत तशी.
त्या भांड्यात पुन्हा केक झाला नाही.
वडील एकदाच कुरकुरले.

आणि चौथा मार्ग. तो कॅटलॉगात नाही.
राउंडअपला, गेलनच्या तळघरात,
आमच्या वडिलांचं यंत्र आहे. तोच लांब दांडा,
मुठीवरचा लाल रंग आमच्या तळव्यांनी खाल्लेला.
आईला पोचवून आलो त्या संध्याकाळी
त्यानं यंत्र उचललं, मी डायांचा डबा.
आधी कोण ओरडलं ते आठवत नाही.
म्हणजे, आठवतं.
अकरा वर्षं झाली, चणे त्याच्याकडे, दात माझ्याकडे,
आणि दोघंही उपाशी असल्याचं कबूल करत नाही.

लॉरेटा सँडविकनं परवा मेणाची ढेप दिली.
फोडली तर आत गोड क्लोव्हरचा वास,
ऑगस्टमधला, कुंपणापलीकडचा.
हे मेण दह्याच्या डब्यात खुळखुळवायचं नाही,
एवढं मात्र मला तिथंच कळलं.

फोन लावला. हॅलो नाही, कोण नाही.
"कितीची डाय?"
"तीनशे अठ्ठावन्न."
बराच वेळ फक्त त्याचा श्वास.
"ती तर मी शोधत होतो," म्हणाला.
मग, हवामान सांगावं तसं:
"माझा खांदा गेलाय, ऑर्व्हल. दांडा ओढवत नाही."
"मी ओढीन."
"रस्त्यावर काच झालीय. दुपारी निघ. आणि मेण आण."
"आहे."
"विकतचं नको."
"नाही."

दोनशे चार गोळ्या कॉफीच्या डब्यात,
डबा शेजारच्या सीटवर, दोन्ही पायांत धरावा तसा पट्ट्यानं बांधलेला.
डाय मोज्यात गुंडाळून कोटाच्या खिशात,
तिचा गारवा लोकरीतूनही मांडीला लागतो आहे.
इंजिन गरम होतंय म्हणून थांबलोय.
वीस मिनिटं झाली, ते केव्हाच गरम झालंय.