मेजावरचं कापड

झीलंडच्या त्या बेटावर
समुद्र रस्त्यापेक्षा उंच आहे.
बांधाच्या आत आम्ही, बाहेर पाणी,
आणि मधोमध विटांचं चर्च,
सातशे माणसं मावतील एवढं.

वर्षातून चारदा
लांब मेजावर पांढरं कापड अंथरलं जायचं.
भाकर. वाइन. चांदीचे दोन पेले.
पाळक हात पसरून बोलवायचे.
मग शांतता,
कुठल्याशा बाकावर पेपरमिंटचा कागद सोलल्याचा आवाज,
आणि सातशेंमधून उठायची अकरा माणसं.
एका हिवाळ्यात नऊच.
बाकीचे काळ्या कपड्यांत बसून राहायचे,
ज्यांना अजून कळलेलं नव्हतं
आपलं नाव त्या यादीत आहे की नाही,
जी लिहून झाली, शाईही वाळली,
तेव्हा समुद्रसुद्धा नव्हता.

ते कापड तानेत्ये मावशी धुवायची.
वाइनचा डाग आधी मिठाने,
मग रात्रभर ताकात,
मग बांधाच्या उतारावर, गवतात, उन्हाला.
इस्त्री अशी, की घडीची रेघ
बरोबर मेजाच्या मध्यावर यावी.
साठ वर्षं.
त्या मेजाशी ती एकदाही बसली नाही.

एरवी ती कांदे निवडायची.
पट्ट्यावरून कांदे येत राहायचे,
मऊ पडलेला डावीकडे, मोड आलेला डावीकडे,
बोटं डोळ्यांच्या आधी ठरवायची.
"कांद्याला कुणी विचारत नाही," एवढंच म्हणायची,
तक्रार म्हणून नाही,
हवामान सांगावं तसं.

क्रैन मामा पुलापलीकडच्या मंडळीत गेला होता.
तिथे गिटार होती, आणि तारण सगळ्यांसाठी होतं.
एका रविवारी तो आला,
आणि मंडळीतले वडील मारिनुसही आले,
आणि कॉफी निवत गेली.

"आधीच ठरलंय, तर बोलावता कशाला?" मामा म्हणाला.
"दाराला कुलूप घालून घंटा वाजवायची?"

"हाक सगळ्यांना आहे.
पण मेलेला माणूस उठून दार उघडत नाही, क्रैन.
कानही त्यानेच द्यावे लागतात."

"आणि नाही दिले, तर बहिऱ्याला शिक्षा?
हा कुठला न्याय?"

मारिनुस बराच वेळ बशीतल्या चमच्याकडे बघत होते.
मग म्हणाले,
"बांध फुटला त्या रात्री मी छपरावर होतो.
भाऊ पलीकडच्या गोठ्यावर.
हाक त्याने आधी मारली. माझ्यापेक्षा मोठ्याने.
होडी माझ्याकडे आली.
मी पोहलो नव्हतो, क्रैन.
हात वर केला होता की नाही, तेही आठवत नाही.
कुणीतरी कॉलर धरून उचललं.
तू विचारतोस, त्याला का नाही.
मी चाळीस वर्षं विचारतोय, मला का."

मामाने तोंड उघडलं, मिटलं.
मावशीने साखर पुढे केली.

मी तेव्हा सतरा वर्षांची, मला उत्तर हवं होतं.
ते दोघे गेल्यावर तिला गाठलं मोरीशी:
तुला काय वाटतं? कोण खरं?
तिने कापड उलगडून उजेडात धरलं.
"डाग उजव्या टोकाला जास्त पडतात," म्हणाली.
"तिथे मारिनुस बसतो.
पेला धरताना त्याचा हात थरथरतो."

मग घडीत तिला काहीतरी दिसलं.
भाकरीचा कण, मोहरीएवढा.
तिने बोट ओलं केलं,
टेकवलं त्यावर,
आणि कण चिकटून वर आला.

मी खिडकीकडे वळले.
बांधावर मेंढ्या होत्या, वारा होता,
मी मेंढ्या मोजल्या, चौदापर्यंत,
वाट बघितली, परत पहिल्यापासून मोजल्या.

वळले तेव्हा कापड पाण्यात होतं
आणि कोपरापर्यंत तिचे हातही.

मी पाहिलं नाही.
मारिनुसांनी विचारलं असतं तरी हेच सांगितलं असतं.
मामाने विचारलं,
त्यालाही हेच सांगितलं.