एक सूत जास्त

नऊ उन्हाळे कूलर त्याच खिडकीत,
तोंड आलमारीकडे.
मे महिन्यात मानेवाड्यातल्या दीड खोलीत
त्याला दुसरीकडे फिरवणार तरी कुठं?
वाळ्याचा ओला वास रात्र रात्र खाऊन
डाव्या दाराची कड फुगली,
पट्टी सुटली,
आणि जाता-येता माझी ओढणी धरू लागली.

तीन ओढण्या गेल्यावर लकडगंजला गेले.
दुकानदारानं जुना तुकडा उजेडात धरला,
"हा शेड बंद झाला, ताई.
कंपनीच बंद झाली म्हणा नं."
मग रंगांचा जुडगा पुढं केला :
अक्रोड, शिसम, सागवान एक, सागवान दोन,
सगळे कागदाचे, बोटभर रुंद,
पाठीला गोंद.
मी सागवान दोन घेतलं. पाच मीटर.

बाबा आलापल्लीच्या डेपोत मोजणीला होते.
चौतीस वर्षं लाकडांवर हातोड्यानं नंबर ठोकले.
अंधारात नुसत्या वासावर सांगायचे,
हा साग, हा बिजा, हा ऐन,
आणि हा ऐनासारखा, पण ऐन नाही.
माझी आलमारी पाहायला आले तेव्हा
(बारा हप्ते, माझ्या पगारातले,
आणि साऱ्या नातेवाइकांत मी तिला सागवानी म्हणून बसलेली)
बोटाच्या पेरानं दारावर दोनदा टकटक केलं,
कान जरा पुढं नेला,
म्हणाले, "पाणी दे."

नऊ वर्षं झाली त्या पाण्याला.
आम्ही दोघंही त्यावर बोललो नाही.

आता ते माझ्याकडेच असतात.
मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, काळा चष्मा,
खाटेवर पाय वर घेऊन बसलेले.
"काय करून राहिली वं, कुंदा?"
"काही नाही. पट्टी."

इस्त्री फिरवून जुनी कड नरम केली,
सुरीनं उचलली,
आणि आतलं सगळं फरशीवर आलं,
चहात विसरलेल्या टोस्टासारखं.
मी पाठ वळवून झाडू शोधत होते.
बाबांनी हात पुढं केला.
बराच वेळ तो तसाच होता,
मग मी त्यावर चिमूटभर ठेवलं.

नाकाशी नेलं. चोळलं. पुन्हा नेलं.
"निलगिरी," म्हणाले.
"थोडा आंबा बी हाय.
बाकी गोंद."

त्यानंतर काम सोपं गेलं.
केस वाळवायच्या यंत्रानं कड सुकवली,
गोंदात तोच भुसा कालवून खड्डे भरले,
दुसऱ्या दिवशी पॉलिशपेपर.
बाबांनी पट्टीचं भेंडोळं मांडीवर घेतलं
आणि टेप सोडावा तसं हळूहळू सोडत गेले.
मध्ये वर्तमानपत्राचा कागद, वरून इस्त्री,
मागोमाग लाटणं दाबून.
"एक सूत जास्त ठेवजो.
कमी पडलं तं लाकूड वाढत नाही."
लाकूड म्हणाले.
मी कानस उचलली.
"एकाच अंगानं घास. उलटी गेली का उपटन."

खाली, बिजागरीजवळ, कानस पोचली नाही.
तिथं ते एक सूत राहिलं.
दार लावताना अडतं, कमरेनं रेटावं लागतं.
शिवाय सागवान दोन जरा लालसरच निघालं,
उजव्या दाराशी जुळत नाही,
दिवसा तर मुळीच नाही.

संध्याकाळी कूलरमध्ये पाणी भरत होते तर
मागून टकटक ऐकू आली.
दोनदा.
मी बादली ठेवली, माठातून पेला भरला,
नेऊन त्यांच्यापुढं धरला.

बाबा दाराला कान लावून उभे होते.
चष्मा कपाळावर.
"पाणी कोनं मांगतलं?" म्हणाले,
आणि पिऊन टाकलं.