नकारांची नोंद

रास अल खैमा, कामगार न्यायालय, खोली क्रमांक तीन.
एसी इतका, की साक्षीदार
भीतीनं कापतोय की गारठ्यानं, कळू नये.

समन्सात माझं नाव नव्हतं. लिहिलं होतं,
'हजेरीयंत्राची माहिती असलेली व्यक्ती'.
ती मी. शलाका तेरवणकर.
खोर खुवैरच्या दगडकटाईच्या फाटकावर
पाणसळ लावून, चार स्क्रू पिळून
तो हिरवा दिवा मीच पेटवला होता.

वादी लतीफ हमदुले, मूळ गाव बाणकोट,
बावीस वर्षं संगमरवर कापतोय.
यंत्र म्हणतं, हा सदतीस दिवस आलाच नाही.
लतीफ म्हणतो, रोज आलो. पावणेसहाला.
रोज बोट ठेवलं, रोज लाल दिवा,
मागची रांग ओरडायची,
मुकादम म्हणायचा, आत जा, नंतर बघू.
नंतर कुणी बघितलं नाही.
सदतीस दिवसांचा पगार कापला,
आणि मग लतीफलाही.

मधल्या सुटीत त्यानं मला हात दाखवला,
ज्योतिषाला दाखवतात तसा.
"बाय, दगडान् खाल्लान् बोटां."
खरंच. संपत आलेल्या साबणाच्या वडीसारखी
दहाही बोटं, एकसारखी, कोरी.
माझ्या यंत्राला ओळख पटायला पंचावन्न गुण लागतात.
लतीफचे एकतीस. कधी अठ्ठावीस.
"आमच्या शालेत पस्तीसला पास करीत," म्हणाला,
आणि माझ्याआधी तोच हसला.

सही न येणाऱ्याला आपण अंगठाबहाद्दर म्हणतो.
लतीफला सही येते, खाली दोन ठिपक्यांसकट.
अंगठाच येत नाही.
आणि सहीचं रजिस्टर कंपनीनं कधीच रद्दीत घातलंय.
हातावर पोट म्हणतात ते असं,
बोटाच्या पेरावर येऊन ठेपलेलं.

न्यायाधीशांनी विचारलं.
पोन्नानीच्या मोइदू मास्तरांनी
आपल्या हिंदीत ते माझ्यापर्यंत आणलं:
यंत्र खोटं बोलतं का?
नाही, म्हटलं.
कंपनीच्या वकिलानं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.
यंत्र सगळं सांगतं का?

मेनूतलं सातवं पान.
'नकारांची नोंद: चालू / बंद'.
आठशे माणसं, मेमरी तुटपुंजी,
मी बंद केलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं.
दोन सेकंदांचं काम. मग खाली जाऊन शावर्मा खाल्ला होता.

म्हणजे लतीफ आला, याचा पुरावा नाही.
आला नाही, याचाही नाही.
यंत्राला फक्त ओळखीची माणसं आठवतात,
लग्नातल्या पैसेवाल्या मावशीसारखी.
हे मी देवाला स्मरून सांगितलं
(मावशी सोडून).
मोइदू मास्तर थांबले.
अरबी शब्द शोधत होते
की मला शब्द मागे घ्यायला वेळ देत होते,
अजून ठरवता येत नाही.
मग बोलले, आणि टंकलेखकाची बोटं चालू लागली.

जबाबाच्या कागदाबरोबर कारकुनानं
सवयीनं शाईची गादी सरकवली.
लतीफनं पेन मागितलं.

निकाल पुढच्या महिन्यात.
साहेबांचा फोन मात्र पार्किंगमध्येच:
विचारलं तेवढंच सांगायचं असतं, शलाका.
तेवढंच तर सांगितलं, सर.

त्या संध्याकाळी फाटकावर जाऊन
सातवं पान उघडलं. चालू.
परवानगी कुणाची, ते विचारतील तेव्हा बघू.

पहाटे घरच्या पडद्यावर ओळी पडू लागल्या.
०५:४४ अज्ञात. ०५:४४ अज्ञात.
०५:४५ अज्ञात, गुण बावन्न.
अज्ञात. अज्ञात. ०५:४६, गुण एकोणीस.
चहावर साय धरली.
चाळिशीनंतर मी मोजणं सोडलं.

लतीफला त्या फाटकावरून काढून
आज पाच महिने झालेत.