कडू काढायचं तर

दसरा झाला की आई सड्यावर जाते.
पाटणहून वर, गाडीवाट संपते
तिथून अजून तासभर.
कातळाच्या फटीत, कुसळीला अंग लावून
किराईत उभं असतं,
पांढुरकी फुलं, पाकळ्यांवर निळी शाई सांडल्यागत.
शेरडं त्याला बगल देऊन चरतात.
"त्यास्नी बी कळतं," आई म्हणते.

आधी एक काडी चघळायची.
जीभ आखडली पाहिजे,
कानामागं झिणझिणलं पाहिजे,
न्हाईतर ते दुसरंच कायतरी.
फुललेलं घ्यायचं. मुळाला हिसका द्यायचा नाही,
चार बोटं राखून विळा चालवायचा.
आणि दर पाचवं झाड सोडायचं:
"त्ये त्याचं हाय."
त्याचं म्हणजे कुणाचं,
हे तिनं कधी सांगितलं नाही.

सावलीत वाळवायचं. उन्हात कडूपणासुद्धा रुसतो.
केळीच्या सोपटानं बांधलेल्या जुड्या
आमच्या आढ्याला वटवाघळांसारख्या लोंबायच्या.
ताप आला तर मूठभर काड्या ठेचून
रात्रभर मडक्यात,
पहाटे चूळ न भरता, एका दमात.
गूळ मागणाऱ्याला गूळ नाही.
"गुळासंगं घेतलं तर गुळाचंच आवशीद झालं की!"

बाजारात पिसाळशेठ काटा धरतो,
"यंदा माल ओला आहे, झिमाबाई,"
म्हणत किलोमागं वजन कापतो.
आई काही बोलत नाही,
एक काडी पुढं करते.
मग तो भाव वाढवतो नाहीतर पाणी मागतो.
कधी दोन्ही.

एक उपयोग मात्र ती बाजारात सांगत नाही.

मी दोन वर्षांची,
भागोजी तिच्या पोटात.
दूध तोडायचं होतं.
तिनं सहाणेवर किराईत उगाळलं, हळदीएवढं दाट,
छातीला लावलं आणि भिंतीला टेकून बसली.
शेजारच्या ठकूनं सांगितलेलं,
एकदा तोंड वाकडं केलं की पोर फिरून येत नाही.

मी आले.
तोंड वाकडं केलं.
तिच्याकडं पाहिलं, म्हणे, बराच वेळ.
आणि पुन्हा ओढायला लागले.
"समदं कडू पिऊन टाकलंस,
आन् वर ढेकर दिलास!"
हे सांगताना ती हसते.
एकदाच, सांगता सांगता मधेच
चुलीत लाकूड सारायला वळली
आणि लाकूड तर आधीच आत होतं.

आता मी कराडच्या दवाखान्यात
खिडकीतून औषधं देते.
लोक विचारतात, "ताई, कडू नाही ना?"
साखरेचा पापुद्रा असतो, मी म्हणते, कळणारसुद्धा नाही.

परवा मलाच ताप भरला.
वर कुणी कळवलं कोण जाणे,
एसटीच्या कंडक्टरच्या हाती जुडी आली,
कागदात गुंडाळलेली. चिठ्ठी नव्हती,
आईला लिहिता येत नाही.
सोपटाला एक गाठ जास्त होती.

मडकं नव्हतं. स्टीलच्या डब्यात भिजवलं.
पहाटे, चूळ न भरता.
जीभ आखडली.
कानामागं झिणझिणलं.
मी डोळे मिटून थांबले,
ती भिंत, ती सहाण, तो बराच वेळ
काहीतरी येईल म्हणून.

काही आठवलं नाही.
नुसता ढेकर आला.