बर्फ कारखाना हॉकी क्लब : दोन पानी इतिहास

स्मरणिकेसाठी दोन पानं हवी आहेत.
म्हणाले, सेक्रेटरीसाहेब, तुम्हीच लिहा,
आता तुम्हीच उरले.

तर लिहितो.
स्थापना एकोणीसशे अठ्ठावन्न. तारीख सांगता येत नाही,
कारण रजिस्टर कुणीतरी लादीवर ठेवलं होतं
आणि पहिल्या चार पानांची शाई पाण्यात उतरली.
आमचा आरंभ म्हणजे एक निळसर डाग.

कारखाना इतवारी स्टेशनच्या मागं,
छोट्या गाडीच्या रुळांना लागून.
आत अमोनियाचा वास, डोळ्यांना धार,
बाहेर सत्तेचाळीस डिग्री.
पोट्टे मधल्या दारात उभे राहून डबा खायचे,
पाठ गार, तोंड भाजलेलं.

स्टिका सात, खेळणारे अकरा.
गोलकीपर सोडून तिघं
लादी ओढायचे आकडे घेऊन उतरायचे,
म्हणून पहिल्या वर्षी
आमच्याशी कुणी सामना घेतला नाही.

गोलकीपर लटारू सोनकुसरे.
पॅड गोणपाटाचे, आत लाकडाचा भुसा,
तोच, ज्यात बर्फ झोपायचा.
चेंडू बसला की भुसा उडे
आणि कामठीची पब्लिक ओरडे,
अबे, पोतं फुटलं बे!

सरावाच्या गोलाचे खांब एका शिमग्यात
होळीत गेले. कुणी टाकले ते माहीत आहे,
नातू शाळेत मास्तर आहे, नाव लिहीत नाही.
तेव्हापासून मृगापर्यंत आमचे खांब बर्फाचे :
दोन लाद्या, उभ्या.
पाचला छातीएवढ्या,
सहाला कमरेएवढ्या आणि बारीक,
गोल दोन्हीकडून रुंद होत जायचा.
लटारू भांडायचा,
मुनीमजी, मघाशी इतका नव्हता हा!
मुनीम गुलाबराव टेप घेऊन यायचे
आणि खरंच मोजायचे.
रजिस्टरात मोजणी आहे, त्यांच्या सुबक अक्षरात :
बारा फूट. बारा फूट सात इंच.
तेरा फूट एक इंच. पुढं चिखल.

फायनल एकदाच. एकाहत्तर साल, समोर गिरणीची टीम,
इस्त्रीच्या जर्सी, सगळ्यांना बूट.
आमचा हफीजुल्ला अनवाणी, टाचेला चीर,
पण डाव्या बाजूनं असा सुटायचा
की बॅकनं आधी धूळ अडवायची, मग त्याला.
शून्य-शून्य. पाच मिनिटं उरलेली.
त्यांच्या सेंटर फॉरवर्डनं हाणला,
लटारू उजवीकडं पडला, चेंडू डावीकडं,
गेलाच म्हणेपर्यंत
ठक्क.
सागवानी खांबाला लागून चेंडू परत आला.

लटारू उठला आणि त्या खांबाकडं बघत राहिला.
हात लावून पाहिलं त्यानं.
इतक्या वर्षांत
खांब पहिल्यांदा त्याच्या बाजूनं उभा होता.

तो बघत होता तेवढ्यात दुसरा आत गेला.

कुणी काही बोललं नाही. परतताना मेटॅडोरमध्ये
दौलत मोटघरे एवढंच म्हणाला,
मीबी पाह्यलाच असता.

पुढचं थोडक्यात. घरोघर फ्रीज आले.
कारखाना बंद, पाइप भंगारात,
मैदानावर गोडाऊन.
एक स्टिक रसवंतीवाल्याकडे आहे,
बर्फ फोडायला. मागितली, नाही दिली.
म्हणाला, हातात बसली आहे.

लटारू मागच्या मे महिन्यात गेला.
मुलगी रायपूरहून यायची होती, गाडी लेट.
कळमन्याहून दोन लाद्या आणल्या,
एक या अंगाला, एक त्या.
आम्ही म्हातारे भिंतीला टेकून बसलो.
पाणी उंबऱ्यापर्यंत आलं, भुशाचे कण त्यात.
हफीजुल्लानं माझ्या कानाशी तोंड आणलं.
किती फूट झाला असेल?

टेप माझ्याकडं नव्हता.

फोटो एकच आहे, सोबत जोडतो.
त्यात मुनीमजींचं डोकं आलेलं नाही.
शर्टावरून ओळखावं.