त्रेचाळीस अक्षरं

अकरा वर्षं मी रोज सकाळी त्या बेटावर जाते.
पाहिलेलं मात्र नाही अजून.
पुंता अरेनासच्या या खोलीत हीटरला पाय टेकवून
यंत्राचं नाव लिहायचं, एन्टर.
तिकडे खाड्यांच्या गुंत्यापलीकडे, बोटीने दोन दिवसांवर,
भरती मोजणारा एक डबा मला ओळखतो
आणि कडी काढतो.

पासवर्ड आम्ही केव्हाच सोडून दिला.
किल्ल्या आहेत जोडीच्या.
एक मी कुणाला दाखवत नाही,
दुसरी त्याच्यापाशी, ती जगाने पाहिली तरी चालते.
वाटेत कुणी कान लावलाच
तर ऐकू येईल रेतीवर रेती.

आज दारातच अडवलं.
स्क्रीनवर खुणांची भिंत, आणि भिंतीत ठणकावून:
पलीकडच्याची ओळख बदलली आहे.
मध्येच कुणीतरी उभं असू शकतं.
काळ्या दगडावरची रेघ समजत होते मी
फाइलीत जपलेली ती एक ओळ.

"पुसून टाक की," रुपेर्तो म्हणाला, हातातलं सँडविच खाली न ठेवता.
"डबा बदलला असेल. सगळे हो म्हणतात आणि पुढे जातात."
मीही म्हटलंय. प्रिंटरला तर कितीदा.
पण या डब्याच्या आकड्यांवर
बोटी रात्री खडकांमधून निघतात.

मग रेडिओ.
देल्मीरो चिग्वाय, स्टेशनचा राखणदार.
हो, बदलला डबा. जुन्यात मीठ शिरलं होतं.
मंगळवारच्या बोटीने एक पोरगा आला, लावून गेला.
कळवायचं राहिलं.
म्हटलं, पडद्यावर ठसा दिसतोय तो वाचा,
त्रेचाळीस अक्षरं, लहानमोठी नीट सांगा.
"थांब, चष्मा शोधू दे."

मोठा एम, मारिओलाचा. माझी होडी ती.
लहान के. के वरून काही सुचत नाही, तसाच घे.
सात.
मोठा टी, तेरेसाचा.
इथे तो थांबला.
कोण तेरेसा, मी विचारलं नाही.
रेडिओ म्हणजे काय, सगळी सामुद्रधुनी ऐकत असते.
पुढे अधिकचं चिन्ह. "हे क्रूस आहे का गं?"
क्रूसच समजा.

एकतिसावं चुकलं.
माझ्याकडे मोठा आय, तो म्हणतो लहान एल.
पोटात गोळा आला.
"पुन्हा बघा."
वारा, खरखर, त्याचा श्वास.
"उभी काठी आहे पोरी. काठीसारखी काठी."
"तिच्या डोक्यावरची टोपी एका बाजूला आहे की दोन्ही?"
बराच वेळ काही नाही.
बहुधा नाक काचेला टेकवलं असावं त्याने.
"दोन्ही."
मग आय. पुढे चला.
उरलेली बारा त्याने एका दमात म्हटली,
शाळेतल्या पाढ्यासारखी, शेवटच्या अक्षरावर हेल काढून.

जुनी ओळ काढली.
एक आज्ञा, आणि अकरा वर्षांची ओळख गेली,
आवाजसुद्धा झाला नाही.
मग प्रश्न आला: खात्री आहे?
इथे नुसत्या अक्षरावर भागत नाही,
होकाराचा अख्खा शब्द लिहावा लागतो.
लिहिला.

कर्सर.
पाणी दोन मीटर चौदा, चढतं.
घड्याळ चाळीस सेकंद मागे होतं, ते लावलं.
पोरग्याने कारखान्याचा पासवर्ड तसाच ठेवलेला,
त्याला मनातल्या मनात एक शिवी, आणि तो दरवाजा बंद.

"आलीस का आत?"
आले.
"इथे हिरवा दिवा लुकलुकायला लागलाय. ती तू?"
मी रिकामा एन्टर दाबला. "आत्ता?"
"आत्ता."
पुन्हा दाबला.
तो हसला, मग खोकला.
"आलीच आहेस तर बस थोडी. येर्बाचं पाणी ठेवलंय."

काम संपलं की एक्झिट लिहायचं असतं.
नव्या माणसांना हे मीच शिकवते.
रुपेर्तो दिवे घालवून गेला.
बाहेर गोदीवर कुणीतरी दोरखंड ओढत होतं.
मी काहीच लिहिलं नाही,
आणि कधीतरी पलीकडूनच, वाट पाहून पाहून,
कडी लागली.