ओल कुठे उमटते

नकाशावर लोणकरांचं दुकान गोदावरीच्या पात्रात होतं.
टाचणी नेमकी दुतोंड्या मारुतीच्या पुढ्यात, पाण्यात.
"पूर आला की खरं होईल तेवढं," मुरलीधरकाका म्हणाले
आणि पुन्हा हातोडी उचलली.

मी टाचणी उचलली,
भद्रकालीच्या बोळांतून वळवत
तांबट आळीत आणून रोवली.
गिऱ्हाईक यायच्या आधी
दुकान जागेवर असावं लागतं.

मग नावं.
काका सांगत गेले: घंगाळ, तपेलं, सतेलं, बंब,
ओठ वळवलेली कळशी वेगळी, सरळ ओठाची वेगळी,
आणि एक असं, ज्याचं नाव सांगताना
त्यांनी हातानेच गोल काढला.
मी महिन्याचे आकडे पाहिले.
घंगाळ: शून्य.
लोक लिहितात, "कॉपर टब मोठा जुना टाईप".
काकांना वाचून दाखवलं तर म्हणाले,
"बिचारे. त्यांना हवंय तेच, फक्त कुणी नाव सांगितलं नाही."
मी दोन्ही लिहिली, एका ओळीत,
पत्रिकेत नवरीचं घरचं नाव कंसात असतं तशी.

फोटोखाली यंत्रासाठी एक ओळ लागते.
ते बघत नाही, त्याला सांगावं लागतं.
मी लिहिलं, "तांब्याची कळशी".
"एवढंच?" काका म्हणाले. "आमच्या आत्याला दिसत नसे.
तिच्या हातात भांडं देताना आम्ही सांगायचो,
कान उजवीकडे, काठ धारेचा, बूड अजून कढत आहे."
मी खोडलं. पुन्हा लिहिलं:
गळ्याशी अरुंद, पोटावर ठोक्यांच्या सात रांगा,
सातवी जरा तिरकी, तेव्हा वीज गेली होती.

ऑफिसात, कॉलेज रोडला,
हर्षलने तिरकी रांग काढायला लावली.
आणि काकांचं ते वाक्यही:
*भांडं गळतंय तर भरून रात्रभर कोऱ्या कागदावर ठेवा.
घाई नको. पाणी स्वतः सांगतं.*
"हे कोण शोधणार?"
रांग मी काढली.
वाक्याच्या डोक्यावर मात्र एक प्रश्न बसवला,
लोक रात्री अकराला विचारतात तसा, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासकट,
आणि उत्तर लगेच खाली,
एका श्वासात संपणारं.
यंत्रांनाही लांबण लावलेली आवडत नाही.

चार महिने काही नाही.
काका विचारायचेही नाहीत. मीच लाजून
दुसऱ्या गल्लीने जायला लागले.

मग सटाण्याच्या एक बाई आल्या, पिशवीत हंडा.
"इथे गळतोय," त्यांनी बोट ठेवलं, खात्रीने.
"कसं कळलं?"
"मोबाइलला विचारलं. म्हणाला, कोऱ्या कागदावर ठेवा,
घाई नको, पाणी स्वतः सांगतं."
काकांची हातोडी वरच राहिली.
"कुणाचं म्हणणं, ते सांगितलं का त्याने?"
"नाही बा. त्याचंच असेल."
"आणि दुकान?"
"सराफ बाजारात रिक्षातून उतरले.
ठोक्यांचा आवाज येत होता, तिकडे चालत आले."

काका हसले. इतके, की फुंकणी खाली पडली.
मला हसू आलं नाही.
पैसे घेतले होते मी, सापडवून देण्याचे.

त्या रात्री ते वाक्य पुन्हा उघडलं.
नाव शेवटी लावलं तर पहिल्यांदा तेच गळतं.
म्हणून मधोमध घातलं, झाळ देतात तसं:
*घाई नको, तांबट आळीतले मुरलीधर लोणकर सांगतात, पाणी
स्वतः सांगतं.*
तोडायचं तर आता वाक्यच तोडावं लागेल.
तिरकी रांगही परत लिहिली. हर्षलला सांगितलं नाही.

आता काही करायचं नाही.
भरून ठेवलंय. खाली कागद आहे.
ओल कुठे उमटते ते बघत बसलेय.